‘आज नाही’ म्हणणारा तांडेल

दिवाळी झाली की आमच्या सोलापुरात मालवणचे बेत सुरू होतात. रात्री जेवून निघायचं, मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर गाठायचं, फोंडा घाट उतरून कणकवली आणि तिथून समुद्र. शाळेत मी भूगोल शिकवत होते, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक निघण्याआधी मला फोन करतात. राहायचं कुठे, मासे कुठे खायचे, किल्ला किती वाजता उघडतो, सगळं विचारतात. डॉल्फिन बघायला जी बोट घ्यायची, तिच्याबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. ती किनाऱ्यावर गेल्यावर मिळतेच, असं गृहीत धरलेलं असतं. माझ्या मते सगळ्या सहलीत विचारून-पारखून घ्यायची एकच गोष्ट असेल तर ती ही बोट. का, ते सांगते.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा घरातली आठ माणसं होतो. मी, आमचे हे, जाऊबाई, त्यांचा मुलगा-सून, त्यांची दोन लेकरं आणि माझी धाकटी नणंद. बोट फोनवरूनच ठरवली होती. ‘फक्त तुमच्या घरच्यांसाठी वेगळी बोट, गर्दी नाही,’ असं सांगून आगाऊ पैसेही घेतले होते. गावाचं आणि धंदेवाल्याचं नाव इथे घेत नाही. सांगायचंय ते एका माणसाविषयी नाही, एका पद्धतीविषयी आहे, आणि ती पद्धत पुष्कळ किनाऱ्यांवर दिसते.

किनाऱ्यावर पोचलो तर आमच्या बोटीत दुसरं एक कुटुंब आधीच बसलेलं. शेजारी फलक होता: डॉल्फिन दाखवणारच, नाही दिसले तर पैसे परत. लाइफ जॅकेटं फळीखाली कोंबून ठेवलेली होती. दोन जॅकेटांच्या बकला तुटलेल्या, आणि लेकरांच्या मापाचं एकही नाही. यांनी विचारलं तेव्हा पैसे घेणारा म्हणाला, “पाणी शांत आहे काका, कुणी घालत नाही.” यांनी तरीही सगळ्यांना घालायला लावली, आणि लेकरांची मोठी जॅकेटं ओढणीने छातीशी करकचून बांधली.

खाडीच्या मुखातून बाहेर पडेपर्यंत छान होतं. मग तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा, फोन वाजला. कुठल्याशा बोटीला डॉल्फिन दिसले होते. त्याने इंजिन वाढवलं, आणि आजूबाजूच्या जेवढ्या बोटी दिसत होत्या त्या सगळ्या एकाच दिशेने सुटल्या. पोचलो तेव्हा बोटींचं कडंच झालं होतं. मधल्या पाण्यात एक करडी पाठ वर आली आणि तिच्या अगदी अंगाला लागून एक लहान पाठ. मादी आणि पिल्लू. त्या जिथे वर यायच्या, तिथे दोन-तीन बोटी धावायच्या. त्या बुडाल्या की तांडेल एकमेकांना ओरडून विचारायचे, कुठे गेले. पुढच्या वेळी त्या आणखी लांब, आणखी उशिरा वर यायच्या, की पुन्हा सगळं कडं तिकडे.

आमच्या बोटीतलं दुसरं कुटुंब ‘अजून जवळ घ्या, अजून जवळ’ म्हणत उभं राहिलं. डॉल्फिन डाव्या बाजूला होते, म्हणून सगळे डावीकडे आले, हातात फोन. त्याच वेळी शेजारून जोरात गेलेल्या बोटीची लाट आली. बोट कलली आणि काठावरून पाणी आत आलं. घोट्यापर्यंतच आलं, पण लेकरं किंचाळली. जाऊबाई तोल जाऊन बाकड्याच्या लोखंडी कडेवर आपटल्या. मनगट मोडलं. त्या दिवशी याहून वाईट काही झालं नाही, ते यांनी आणि पुतण्याने मिळून सगळ्यांना ओढून खाली बसवलं म्हणून.

परत येताना मी त्या तांडेलाकडे बघत होते. पंचविशीतला पोरगा. हात कसलेला, लाट कशी कापायची ते त्याला पुरतं माहीत होतं. उभ्या माणसांना तो दोनदा ‘बसा’ म्हणाला होता. पण किनाऱ्यावर पैसे परत मागितले गेले असते तर ते त्याच्या मजुरीतून गेले असते. हे त्यानेच नंतर जाऊबाईंना दवाखान्यात न्यायला रिक्षा बघून देताना सांगितलं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे, की ‘दिसले नाहीत तर पैसे परत’ हा फलक जिथे असेल तिथे बोटीत बसू नये. आपल्याला वाटतं, ही आपल्या फायद्याची हमी आहे. पण जंगली जनावराची हमी द्यायची तर त्याच्या मागे लागावंच लागतं. मागे लागायचं तर वेग हवा, गर्दीत घुसायला हवं, वारा वाढला तरी थांबून बघायला हवं, आणि एका फेरीत भागत नाही म्हणून बोटीत माणसं जास्त भरायला हवीत. डॉल्फिनला त्रास देणारी जी गोष्ट, तीच माणसांची बोट उलटवणारी गोष्ट. दोन वेगळे प्रश्न नाहीत हे.

समुद्र सोलापूरपासून लांब आहे, बोट लांब नाही. २१ मे २०२४ ला संध्याकाळी आपल्याच करमाळा तालुक्यातल्या कुगावहून उजनीच्या पाण्यातून पलीकडे इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक पोहून काठाला लागला, सहा गेले, त्यांत लहान लेकरं होती. त्याच्या साधारण दोन वर्षं आधी, २४ मे २०२२ ला, तारकर्लीत स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. दोन्ही तारखा मेच्या शेवटच्या पंधरवड्यातल्या आहेत. पाऊस यायच्या आधीचे हे दिवस वाऱ्याच्या दृष्टीने फसवे असतात. पावसाळ्यात जलपर्यटन बंद ठेवतात, म्हणून बंद व्हायच्या आधी मुलांच्या सुट्टीत उरकून घेऊ, असा हिशेब आपल्याकडे फार घरी होतो. डॉल्फिनसाठी जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. मे महिन्यात कोकणात आंबे खा, खाडीकाठी बसा, पण लेकरांना घेऊन उघड्या समुद्रात जाऊ नका.

आता त्या प्राण्याविषयी, कारण तो कळला की बाकीचं आपोआप पटतं.

कोकणाच्या किनाऱ्याला आपल्याला दिसतो तो बहुतेक हंपबॅक डॉल्फिन. अंगाने करडा, सात-आठ फूट लांब, पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर लहानसा पर. टीव्हीवर उड्या मारणारे, बोटीच्या पुढे खेळणारे डॉल्फिन दिसतात, ते वेगळे. हा लाजरा आहे. बोटीशी खेळायला सहसा येत नाही. तो उथळ पाण्यात, किनाऱ्यालगत, खाड्यांच्या मुखांजवळ राहतो, कारण त्याचे मासे तिथे असतात. म्हणून देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथून पुढे, भोगवे-निवतीच्या बाजूला तो दिसतो. आणि म्हणूनच त्याला पळून जायला जागा नाही. खोल समुद्र त्याचं घर नव्हे. त्याच पट्ट्यात मच्छीमारांची जाळी, त्याच पट्ट्यात पर्यटकांच्या बोटी. जगभरातल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत २०१७ पासून हा ‘धोक्यात’ या वर्गात आहे.

तो मासा नाही. आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, त्यासाठीच वर येतो. मादी एका वेळी एकाच पिल्लाला जन्म देते आणि ते वर्षानुवर्षं तिच्याबरोबर असतं. पिल्लू पाण्याखाली दूध पितं, थोडं थोडं, आईच्या अंगाला लागून. पाण्यात तो डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त बघतो. स्वतः आवाज काढून त्याचा प्रतिध्वनी ऐकतो आणि त्यावरून मासा कुठे, खडक कुठे, पिल्लू कुठे ते ओळखतो. आता दहा इंजिनं एका ठिकाणी गरजली तर त्या माय-लेकरांचं काय होत असेल? आम्ही पाहिलं ते हेच होतं. बुडी लांबत होती, दिशा बदलत होती. बोटीतले लोक त्याला ‘लपाछपी खेळतायत’ म्हणत होते. खेळ नव्हता तो.

आपण सोलापूरकरांनी तरी हे लवकर ओळखायला हवं. नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. माळढोक बघायला जाणाऱ्या जुन्या माणसांना शिस्त होती: गाडी लांब सोडायची, आडोशात बसायचं, पक्षी येईल तेव्हा येईल. हंगामाला बहुतेक एकच अंडं घालणारा तो पक्षी. त्याला उठवलं तर त्याचं काय जातं, हे त्यांना ठाऊक होतं. माळरानं नांगरली गेली, तारा आल्या, माणसं वाढली, आणि आता नान्नजला माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. शाळेच्या सहलीत ज्या मुलांना मी तिथे नेलं, त्यांतल्या पुष्कळांनी तो कधी पाहिलाच नाही. समुद्रातल्या या प्राण्याच्या बाबतीत आपल्यावर अजून ती वेळ आलेली नाही, हे माझ्या मनात फार आहे. मी कुणाला ‘जाऊ नका’ म्हणत नाही. जावं, लेकरांना दाखवावं. आडोशात बसणाऱ्यांसारखं जावं.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. जाऊबाईंनीच हट्ट धरला होता. या वेळी आम्ही राहिलो त्या घरच्या वहिनींनी एका वयस्क तांडेलाचं नाव सांगितलं. संध्याकाळी त्यांना भेटायला गेलो. मी सरळ म्हटलं, “काका, डॉल्फिन दिसले नाहीत तरी पूर्ण पैसे देणार. आणि तुम्ही जायचं नाही म्हणालात तर जायचं नाही.” ते जरा बघत राहिले, मग म्हणाले, “मगे सकाळी सातांक येवा. चाय घेवन येवा, पोटभर खाव नको.” बोट पूर्ण आमची, माणसं आठ. जॅकेटं त्यांनी किनाऱ्यावरच घालायला लावली, प्रत्येकाच्या खांद्याला धरून वर ओढून बघितली. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल, असं त्यांनी लेकरांना शिकवलं.

बाहेर गेल्यावर त्यांनी एका जागी इंजिन अगदी मंद केलं, मग बंदच. लांबवर दुसऱ्या बोटींचा घोळका दिसत होता. पुतण्या म्हणाला, तिकडे आहेत वाटतं. काका म्हणाले, “आसतले. वायच थांबा. आपण तेंच्या पाठसून जावचा नाय.” बराच वेळ काही नाही. पाणी बोटीला लागून चुळचुळत होतं. धाकटा कंटाळून आईच्या मांडीवर झोपला. मग फुस्स असा आवाज आला, श्वासाचा, आणि आमच्या डावीकडे, मधे दोन-तीन बोटींची लांबी राहील इतक्या अंतरावर, चार पाठी एकामागून एक वर आल्या. घाई नाही, घाबरगुंडी नाही. मासे धरत होत्या. आम्ही सगळे बसूनच होतो. त्या आमच्या पुढून निघून जाईपर्यंत काकांनी इंजिनाला हात लावला नाही. माझ्या जाऊबाई रडत होत्या, आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती.

त्या काकांकडून, आणि नंतर जे वाचलं-विचारलं त्यातून, मला कळलेलं सांगते.

बोट फोनवर ठरवू नका. आदल्या दिवशी संध्याकाळी पोचा, बोट डोळ्यांनी बघा, जो चालवणार त्याच्याशीच बोला. पैसे घेणारा वेगळा आणि चालवणारा वेगळा असेल तर निर्णय कुणाचा, हे विचारा. माणशी दराने बसू नका. पुरे माणसं होईपर्यंत बोट थांबते आणि मग जास्तच होते. चार पैसे जास्त गेले तरी पूर्ण बोट घ्या, दोन ओळखीची घरं मिळून घ्या. बोटीवर नोंदणीचा क्रमांक आणि किती माणसं बसवायची तो आकडा लिहिलेला असायला हवा. परवानगी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या स्थानिक बंदर कार्यालयाकडून मिळते, आणि शंका आली तर तिथे जाऊन विचारायला आपल्याला कुणाची आडकाठी नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि अनेकांचे जीव गेले, ती गोष्ट आठवा. त्या प्रवाशांच्या हाती टक्कर टाळणं नव्हतं. अंगात जॅकेट असणं-नसणं एवढंच माणसाच्या हातात उरतं, आणि ते बोट सुटायच्या आधी घालायचं असतं. बुडताना जॅकेट घालता येत नाही.

मुलांचं जॅकेट मुलांच्याच वजनाचं हवं, आणि दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असलेलं. तो पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. लहान मापाचं नसेल तर त्या बोटीत मूल नेऊ नका. ओढणी बांधून यांनी त्या दिवशी वेळ निभावली, पण तो उपाय नाही. बायकांनी शक्यतो पंजाबी ड्रेस घालावा. नऊवारी-सहावारी नेसायचीच असेल तर पदर कमरेला खोचून वर जॅकेट. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोटही लागते. त्यासाठी गोळी निघायच्या साधारण तासभर आधी, आणि ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना आणि गरोदर बाईला. रात्रभर गाडीत बसून पहाटे पोचायचं आणि तसंच बोटीत चढायचं, हे सोलापूरकरांचं नेहमीचं. कृपा करून करू नका. न झोपलेल्या, रिकाम्या पोटी चहा प्यालेल्या माणसाला समुद्र हमखास लागतो. हलकं काहीतरी खाऊन जा, कडक भाकरीचा तुकडाही चालतो, शेंगा चटणी आणि तेलकट मात्र परत आल्यावर. मळमळलं तर फोनमधून डोकं वर काढून लांब क्षितिजाकडे बघत राहा. बोटीच्या पुढच्या टोकाला धक्के जास्त बसतात, म्हणून पाठीचं दुखणं असलेल्यांनी आणि म्हाताऱ्यांनी मध्यावर किंवा मागच्या बाजूला बसावं. कंबरेचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर खाडीतल्या शांत पाण्यावर समाधान माना.

वेळ सकाळचीच. शाळेत आपण मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, ते इथे उपयोगी पडतात. रात्री जमीन गार झालेली असते म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे हलका वाहतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी सपाट राहतं. दिवस चढला की जमीन तापते, वारा समुद्राकडून येऊ लागतो आणि दुपारपर्यंत लाटा उठतात. सपाट पाण्यात डॉल्फिनची पाठही लांबून दिसते, आणि पाठलाग करायची गरजच कमी होते. दुपारी जेवून चारची फेरी घेऊ म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. खाडीचं मुख ही सगळ्यात नाजूक जागा. ओहोटीचं पाणी जोराने बाहेर पडत असतं आणि समोरून समुद्राची लाट येत असते, तेव्हा तिथे पाणी उभं राहतं आणि लाटा फुटतात. अनुभवी तांडेल ती वेळ टाळतो. आपल्याला ढोबळ अंदाज हवा असेल तर कोकणातला जुना हिशेब आहे: त्या दिवशीची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास. साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याची ये-जा जास्त जोरात. हा हिशेब तांडेलाला शिकवायला नाही, त्याच्याशी बोलायला उपयोगी पडतो. ‘काका, उद्या भरती कधी, मुखातून कधी निघायचं?’ असं विचारलं की समोरचा माणूस किती खोल पाण्यातला आहे ते उत्तरावरून कळतं.

समुद्रात गेल्यावर बसून राहा. बोट हलकी असते, माणसांचं वजन बोटीच्या वजनाच्या मानाने पुष्कळ. सगळे उभे राहिले की भार वर जातो, एका काठाला आले की बोट कलते, आणि त्याच क्षणी बाजूने लाट आली की संपलं. डॉल्फिन कुठल्या बाजूला दिसले तरी जागा सोडायची नाही. हे लेकरांना घरीच सांगून ठेवा, आणि बोटीत दुसरं कुणी उभं राहिलं तर ओशाळू नका, मोठ्याने बसा म्हणा. ‘जवळ घ्या’ हे शब्द तोंडातून काढू नका. तांडेल स्वतःहून फार जवळ नेत असेल तर ‘इथूनच दिसतंय, इंजिन बंद करा’ म्हणा. आठ माणसांचं गिऱ्हाईक हे म्हणतं तेव्हा तो ऐकतो. उलट त्याला हायसं वाटतं, हे मी पाहिलं आहे. दुसऱ्या बोटींचा घोळका असेल तिथे जाऊ नका. पिल्लू दिसलं तर आणखी लांब राहा. पाण्यात बिस्किटं टाकू नका, शिट्ट्या नकोत.

माझी भाची सिडनीला असते. तिथे थंडीत देवमासे किनाऱ्याजवळून जातात आणि बोटी भरून लोक बघायला निघतात. तिथल्या नियमाप्रमाणे बोटीने डॉल्फिनपासून पन्नास मीटर आणि देवमाशापासून शंभर मीटर लांब राहायचं, समोरून किंवा थेट मागून जायचं नाही, आसपासच्या ठरावीक पट्ट्यात तीनपेक्षा जास्त बोटी एकाच वेळी नकोत, आणि पिल्लू असेल तर त्या पट्ट्यात शिरायचंच नाही. आपल्याकडेही कायदा कच्चा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सगळे डॉल्फिन आणि देवमासे पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि त्या कायद्याच्या लेखी अशा प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं हेही शिकारीतच मोडतं. उघड्या समुद्रात प्रत्येक बोटीमागे वनरक्षक उभा करता येत नाही. तिथे तांडेल आणि गिऱ्हाईक, दोघंच असतात.

देवमासा दाखवतो असं कुणी म्हणालं तर मात्र त्याच्याकडून उठून या. कोकणाच्या समुद्रात देवमासे आहेत, अगदी निळा देवमासाही सिंधुदुर्गाच्या बाजूला दिसल्याच्या नोंदी आहेत, पण तास-दीड तासाच्या पर्यटक बोटीतून ठरवून दाखवण्याची ती गोष्ट नाही. त्यासाठी श्रीलंकेत मिरिसाला लोक जातात, डिसेंबर ते एप्रिल. आपल्याकडे देवमासा दिसण्याचा प्रसंग जास्त करून दुःखाचा असतो. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला चाळीस फुटांहून लांब निळा देवमासा किनाऱ्याला लागला आणि तिथेच मेला. २०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळीतच, गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू रुतलं. वनखातं, गावकरी, जीवरक्षक सगळे राबले, त्याला खोल पाण्यात सोडलंही, पण ते वाचलं नाही. सुट्टीत आपण किनाऱ्यावर असताना असं काही दिसलं तर त्याला शेपटीला धरून ओढू नका, डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी-वाळू जाऊ देऊ नका, अंगावर ओलं कापड टाका, गर्दी आणि कुत्री लांब ठेवा, फोटोसाठी लेकरांना त्याच्यावर बसवू नका, आणि वनखात्याला १९२६ वर फोन करा. बोटीत माणसांवर संकट आलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. हे तीन आकडे फोनमध्ये घालून मगच घाट उतरा.

त्या वयस्क तांडेलांचा नंबर माझ्याकडे पुष्कळ लोक मागतात. तिसऱ्यांदा आम्ही गेलो तेव्हा पहाटे साडेपाचला त्यांचा फोन आला होता, “वारो हा, आज नको.” सोलापूरहून एवढं आलेलो, दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं. लेकरं हिरमुसली. आम्ही त्या दिवशी खाडीकाठी हिंडलो आणि डॉल्फिन न बघता घरी आलो. काकांना आगाऊ दिलेले पैसे त्यांच्याकडेच राहू दिले. त्यामुळे नंबर मागणाऱ्याला मी आधी विचारते, तुम्हाला असा फोन आला तर चालेल का? चालेल म्हणाले की देते.